मारेकऱ्यांचं गिल्ड आणि अलामूतचा गड

काल्पनिक जगात घडणाऱ्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांना आणि व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना मारेकऱ्यांचं गिल्ड, म्हणजे खुनाचा धंदा करणारी गुप्त संघटना, नवं नाही. डोंगराआड लपलेला गड, त्यात बसलेला एक म्हातारा गुरू, त्याच्या एका खुणेवर जीव द्यायला तयार असलेले तरुण शिष्य, नशेचा प्याला, गुप्त शपथ. राजे या मंडळींना घाबरतात आणि गरज पडली की त्यांनाच सुपारी देतात.

या चित्रातला जवळजवळ प्रत्येक तुकडा इतिहासातल्या एकाच समाजावरून उचललेला आहे. इराणच्या एल्बुर्झ पर्वतात अलामूत नावाचा गड आहे. १०९० पासून १२५६ पर्यंत तिथून राज्य करणारे निझारी इस्माइली हा तो समाज. युरोपीय लोक त्यांना असॅसिन म्हणत, आणि इंग्रजीत मारेकऱ्याला जो शब्द आहे तो त्यांच्यावरूनच आला. पण तुकडे जोडताना इतकी मोडतोड झाली की मूळ माणसं ओळखू येईनाशी झाली. प्रत्यक्षात तो चहूबाजूंनी वेढलेला एक छोटा पंथ होता. त्याचं स्वतःचं राज्य होतं, शेती होती, ग्रंथालय होतं, आणि बलाढ्य शत्रूविरुद्ध वापरायचं एक भयंकर शस्त्र होतं. ते शस्त्र इतकं परिणामकारक का ठरलं आणि कुणापुढे ते चाललं नाही, हे कळलं की या विषयाची बरीचशी गुंतागुंत सुटते. त्यासाठी आधी वारसाहक्काचं एक जुनं भांडण समजून घ्यावं लागतं.

इमाम कोण?

पैगंबर मुहंमद ६३२ साली वारले. त्यांच्यानंतर नेतृत्व त्यांचे जावई अली आणि अलींच्या वंशजांकडेच जायला हवं, असं मानणारे ते शिया. या वंशातल्या प्रमुखाला ते इमाम म्हणतात. धर्माचा खरा अर्थ सांगण्याचा अधिकार इमामाचा, त्यामुळे इमाम कोण हा प्रश्न त्यांच्यासाठी गादीपुरता मर्यादित नव्हता, तो मोक्षाचाही होता. ७६५ साली इमाम जाफर अल-सादिक वारले आणि शियांमध्येच फूट पडली. त्यांचे पुत्र इस्माइल यांच्या शाखेला मानणारे इस्माइली झाले. दुसरे पुत्र मूसा यांच्या शाखेला मानणारे पुढे बारा इमामी म्हणून ओळखले गेले. आजच्या इराणात बहुसंख्य आहेत ते हेच.

इस्माइलींनी दीर्घकाळ गुप्तपणे प्रचार केला. त्यांच्या प्रचारकाला दाई म्हणत. ९०९ साली त्यांनी उत्तर आफ्रिकेत फातिमी खिलाफत स्थापन केली, पुढे इजिप्त जिंकून कैरो वसवलं. १०९४ साली खलिफा मुस्तनसिर वारला तेव्हा थोरला मुलगा निझार हक्क सांगत होता, पण सर्वसत्ताधीश वजीर अल-अफदलने धाकट्या मुस्तालीला गादीवर बसवलं. निझारने अलेक्झांड्रियात बंड केलं, तो पकडला गेला आणि कैदेत संपला. इराणमधल्या इस्माइलींनी मात्र निझारचाच हक्क मानला. म्हणून ते निझारी.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर मुंबईकडे पाहावं. बोहरा समाज मुस्तालीच्या बाजूच्या परंपरेतला आहे, आणि आगाखानांना इमाम मानणारे खोजा निझारच्या बाजूचे. कैरोत पडलेली ती फूट आज मुंबईत एकमेकांच्या शेजारी नांदते आहे.

गड कसा घेतला

कैरोत हे घडण्याच्या आधीच इराणमधला एक दाई आपल्या वाटेने निघाला होता. हसन-ए-सब्बाह कोमचा, बारा इमामी घरातला. तो वाढला रय्यमध्ये, म्हणजे आजच्या तेहरानजवळ. तरुणपणी तो इस्माइली झाला, काही वर्षं इजिप्तमध्ये राहिला आणि १०८१ साली इराणला परतला. तेव्हा तिथे सेल्जुक तुर्कांची सत्ता होती. सुलतान मलिकशाह आणि त्याचा वजीर निजाम-उल-मुल्क हे कट्टर सुन्नी, आणि इस्माइलींना ते राज्याचे शत्रू समजत. हसनवर वजिराचा डोळा होताच. नऊ वर्षं तो गावोगाव फिरला, माणसं जोडली आणि एक जागा हेरली.

अलामूत हा कझ्वीनच्या ईशान्येला, रूदबारच्या खोऱ्यात एका उंच, अरुंद कातळावर बसलेला गड. तो हसनने लढून घेतला नाही. आधी त्याचे दाई गडावरच्या शिबंदीत मिसळले आणि एकेक शिपाई पंथात आणू लागले. मग हसन स्वतः नाव बदलून गडावर आला. गडाचा मालक महदी याच्या लक्षात आलं तोवर त्याचं ऐकणारं वर कुणी उरलं नव्हतं. हसनने त्याला जाऊ दिलं, वर तीन हजार दिनारांची हुंडी लिहून दिली. ती दामघानच्या एका सेल्जुक अधिकाऱ्याच्या नावावर होती. सुलतानाचा माणूस ही रक्कम कशाला देईल, असं महदीला वाटलं. पण अडचणीच्या दिवसांत त्याने हुंडी दाखवली आणि पैसे मिळाले. तो अधिकारी आतून इस्माइली होता.

मला या सबंध इतिहासात ही हुंडी फार महत्त्वाची वाटते. सेल्जुकांच्या नोकरीत, त्यांच्या शहरांत, त्यांच्या गडांवर आपली माणसं असणं, हे हसनचं बळ होतं. खंजीर त्यानंतरचा.

गड घेतल्यावर हसनने तटबंदी मजबूत केली, कातळात पाण्याची टाकी आणि कोठारं खोदून घेतली, खाली खोऱ्यात पाट काढून शेती वाढवली. १२५६ साली मंगोलांबरोबर गडावर गेलेला इतिहासकार जुवैनी या लोकांचा कडवा द्वेष करी. पण त्यानेही ही कोठारं आश्चर्याने पाहिली, आणि हसनच्या काळात साठवलेले जिन्नस अजून टिकून आहेत असं लिहून ठेवलं. काबीज केल्यापासून ११२४ मध्ये मरेपर्यंत हसन गडाखाली उतरला नाही. त्याच्या शिस्तीला मायेचा ओलावा नव्हता. त्याने आपल्या दोन्ही मुलांना देहदंड दिला, त्यांतल्या एकाला दारू प्यायल्याच्या आरोपावरून.

अलामूतबरोबर लमसर, गिर्दकूह, पूर्वेकडच्या कुहिस्तानातली गावं आणि पुढे सीरियातला मस्याफसारखे किल्ले मिळून हे राज्य बनलं. त्याचा नकाशा काढला तर एकसंध प्रदेश दिसत नाही. शत्रूच्या मुलखात विखुरलेली बेटं दिसतात.

खंजीर का चालला?

आता मुख्य प्रश्न. या बेटांकडे मैदानात उतरेल असं सैन्य नव्हतं. १०९२ मध्ये सेल्जुक फौजेने अलामूतला वेढा घातला तेव्हा हसनजवळ गडावर साठ-सत्तर माणसं होती. आसपासच्या गावांतल्या अनुयायांनी रात्री छापा घालून तो वेढा मोडला, पण असं दर वेळी जमणार नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निजाम-उल-मुल्कची पालखी नहावंदजवळून जात असताना सूफी फकिराच्या वेशातला एक तरुण अर्ज घेऊन पुढे आला आणि त्याने वजिरावर खंजीर चालवला. यामागे दरबारातले हितशत्रूही असावेत असा संशय तेव्हापासून आहे, आणि तो निराधार नाही. पाचेक आठवड्यांत मलिकशाहही वारला. घरातला कर्ता गेल्यावर एकत्र कुटुंबात वाटण्यांची भांडणं सुरू व्हावीत, तसं सेल्जुक साम्राज्यात झालं. मुलं आणि भाऊबंद गादीसाठी लढू लागले, कुहिस्तानात लढणारी फौज माघारी गेली, आणि अलामूतला श्वास घ्यायला वेळ मिळाला.

सेल्जुक सत्तेची रचनाच तशी होती. मुलूख अमिरांमध्ये, म्हणजे सरदारांमध्ये, वाटलेला. अमिराची फौज त्याच्या स्वतःच्या शब्दाला बांधलेली, राज्य नावाच्या एखाद्या कायम यंत्रणेला नव्हे. अमीर मेला की त्याची फौज विखुरणार, त्याच्या युती मोडणार, वेढे उठणार. याचा सर्वांत चांगला पुरावा खुनातून मिळत नाही, एका नैसर्गिक मृत्यूतून मिळतो. मलिकशाहचा मुलगा सुलतान मुहंमद तापार याने अलामूतच्या खोऱ्यात वर्षानुवर्षं पिकं जाळली आणि अखेर सेनापती शिरगीरला वेढ्यावर धाडलं. गड पडायच्या बेतात होता. १११८ च्या वसंतात सुलतान वारल्याची बातमी आली आणि जिंकत आलेली फौज सामान टाकून घरी निघाली. हे पाहिलेल्या माणसाला सैन्य कसं थांबवायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

खुनाच्या कामगिरीवर जाणाऱ्याला फिदाई म्हणत, म्हणजे स्वतःला ओवाळून टाकणारा. तो विष वापरत नसे, लांबून बाण मारत नसे. खंजीर, आणि तोही बहुधा चारचौघांत. शुक्रवारच्या नमाजाची वेळ, मशीद भरलेली, सावज पहारेकऱ्यांच्या गराड्यात. सुटकेची वाट ठेवलेली नसे, त्यामुळे फिदाई बहुतेक वेळा तिथेच मारला जाई. या उघडेपणातच सगळा हेतू होता. हा अपघात नाही, दरबारी कारस्थान नाही, हे काम कुणी आणि का केलं ते प्रत्येकाला कळावं. त्यामुळे एका खुनाची दहशत दहा दरबारांत पोचे. अमीर अंगरख्याखाली चिलखत घालू लागले.

अलामूतमध्ये या कामगिऱ्यांची आणि फिदाईंच्या नावांची यादी ठेवलेली असे. हसनच्या चौतीस वर्षांच्या काळात त्यात पन्नासच्या आसपास खून नोंदलेले होते. म्हणजे वर्षाला दीड. ज्या काळात एखादं शहर पडल्यावर एका दिवसात हजारो माणसं कापली जात, त्या काळाच्या मानाने ही संख्या लहान आहे. निझारींच्या बाजूने हा युक्तिवाद केला जातो, आणि त्यात तथ्य आहे. तरीही मला तो पुरता पटत नाही. यादीत अमीर होते, वजीर होते, पण पंथाविरुद्ध निवाडा देणारे काझी आणि प्रवचन करणारे मौलवीही होते. निःशस्त्र माणसाला नमाजात गाठून मारणं हे छोटं काम नव्हे, आणि ते आकड्यात मावत नाही. अलेप्पोचा इतिहासकार कमालुद्दीन याने एका फिदाईच्या आईबद्दल लिहिलं आहे. ११२६ साली मोसुलचा अमीर बुरसुकी मारला गेला, तेव्हा मुलगाही धारातीर्थी पडला असं समजून ती आनंदाने नटली. काही दिवसांनी तो जिवंत परतला, तेव्हा तिने केस कापून तोंडाला काळं फासलं. लिहिणारा शत्रुपक्षाचा आहे हे लक्षात ठेवूनच ही गोष्ट वाचावी, पण वाचल्यावर ती मनातून जात नाही.

किंमत पंथालाही मोजावी लागली. प्रत्येक खुनानंतर जवळच्या शहरातल्या इस्माइलींवर जमाव तुटून पडे. इस्फहानमध्ये संशयितांना आगीत टाकलं गेलं. ११२९ साली दमास्कसमध्ये हजारोंची कत्तल झाली, आणि तिच्यात इस्माइली नसलेलेही मारले गेले.

धाक पुरेसा असे तेव्हा

खून करण्यापेक्षा खून होऊ शकतो हे दाखवणं स्वस्त पडतं. सेल्जुक सुलतान संजर एका सकाळी उठला तेव्हा त्याच्या बिछान्याशेजारी जमिनीत खंजीर रोवलेला होता, असं जुवैनी सांगतो. मागून निरोप आला की सुलतानाचं बरं चिंतत नसतो, तर हाच खंजीर त्याच्या मऊ छातीत गेला असता. संजरने पुढे बराच काळ निझारींशी जमवून घेतलं.

दुसरी गोष्ट रय्यच्या फखरुद्दीन राझी या थोर विद्वानाची. तो आपल्या पाठांत इस्माइलींवर सडकून टीका करी. त्याच्याकडे कित्येक महिने शिकलेल्या एका विद्यार्थ्याने एक दिवस त्याला एकट्याला गाठून खंजीर दाखवला, आणि टीका थांबवल्यास दरवर्षी सोनं मिळेल असंही सांगितलं. राझी गप्प झाला. कारण विचारणाऱ्यांना तो म्हणे की त्यांचे मुद्दे फार धारदार आहेत. ही गोष्ट रचलेली असू शकते. पण लोकांच्या मनात हा धाक कसा होता, ते तिच्यातून नीट कळतं.

सीरियात रशीदुद्दीन सिनान हा निझारींचा प्रमुख होता. युरोपीय लोक 'डोंगराचा म्हातारा' म्हणत तो मुळात हाच. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी याच्यावर त्याच्या माणसांनी दोनदा हल्ला केला. ११७६ साली अझाझच्या वेढ्यात घाव डोक्यावर बसला, पण टोपीखालच्या लोखंडी जाळीने सलाहुद्दीन वाचला. त्याच उन्हाळ्यात त्याने मस्याफला वेढा घातला आणि अचानक उठवला. त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या वाटेला जाणं सोडलं. ११९२ साली टायर शहरात दोन फिदाईंनी ख्रिस्ती साधूंच्या वेशात कॉनराड ऑफ माँटफेराट याला भोसकलं. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचा राजा म्हणून त्याची निवड होऊन काही दिवसच झाले होते. हे कुणी करवलं? इंग्लंडचा राजा रिचर्ड, सलाहुद्दीन, की सिनानचं स्वतःचं काही वैर? तिन्ही नावं तेव्हाच घेतली गेली आणि वाद अजून मिटलेला नाही. सुपारी घेणारं गिल्ड या कल्पनेला इतिहासात थोडाफार आधार मिळतो तो अशा सीरियन प्रकरणांत. तिथे स्थानिक सत्ताधीशांशी देवाणघेवाण होत असे. अलामूतच्या कारभारात मात्र खून हा धंदा असल्याचं दिसत नाही. फिदाईंना परकीय भाषा आणि दरबारी रीतिरिवाज शिकवणारी खास शाळा असल्याच्या कथाही नंतरच्या आहेत.

आणि आता तो धागा, ज्याने सगळं उकलतं. राजांना घाम फोडणारे हेच सीरियन निझारी टेम्पलर आणि हॉस्पिटलर या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघटनांना मात्र मुकाट खंडणी देत. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर आलेल्या जॉइनव्हिलने त्याचं कारण नोंदवलं आहे. या संघटनांचा प्रमुख मारून काही उपयोग नसे, कारण लगेच तितकाच चांगला दुसरा प्रमुख त्याच्या जागी नेमला जाई. सत्ता जिथे एका देहात राहते तिथे खंजीर काम करतो. ती नियमांत, पदांत आणि हिशेबाच्या वह्यांत राहते तिथे एक माणूस मारून यंत्रणा थांबत नाही. काल्पनिक गिल्डच्या कथाही राजा-सरदारांच्याच जगात घडतात.

मंगोल आले

१२५० च्या दशकात मंगोल सम्राट मोंगके याने भाऊ हुलागूला पश्चिमेकडे पाठवलं. १२५४ साली मोंगकेच्या दरबारात गेलेल्या रुब्रुकच्या विल्यम या साधूला तिथे कडक चौकशी दिसली. सम्राटाला मारायला फिदाई वेश पालटून आल्याची वदंता होती. मोठ्या खानाच्या मृत्यूने मंगोल फौजाही मागे वळत, हे खरं आहे. पण हा खान हजारो मैल लांब काराकोरमला होता, आणि दारात उभ्या असलेल्या फौजेतला एखादा सेनापती मारून ती पांगणार नव्हती.

शेवटचा निझारी शासक रुक्नुद्दीन खुरशाह वर्षभरही गादीवर स्थिरावला नव्हता. १२५६ च्या नोव्हेंबरात तो मैमूनदिझ गडावरून खाली उतरला आणि शरण गेला. पुढच्या महिन्यात अलामूत पडलं. गिर्दकूहची शिबंदी मात्र १२७० पर्यंत झुंजली. सीरियातले किल्ले इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स याने १२७३ पर्यंत आपल्या ताब्यात घेतले.

अलामूतचं ग्रंथालय त्या काळात नावाजलेलं होतं. खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसी याने निझारींच्या आश्रयाला कित्येक वर्षं काढली आणि नीतिशास्त्रावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ कुहिस्तानच्या निझारी सुभेदारासाठी लिहिला. जुवैनीने हुलागूच्या परवानगीने हे ग्रंथालय चाळलं. कुराणाच्या प्रती, काही ग्रंथ आणि ग्रह-ताऱ्यांचे वेध घ्यायची उपकरणं बाजूला काढली. उरलेलं, म्हणजे पंथाचं स्वतःचं सगळं लेखन, त्याने जाळून टाकलं, आणि हे त्याने अभिमानाने लिहून ठेवलं आहे. मला या सबंध कथेतली सर्वांत मोठी हानी ती वाटते. आपली बाजू सांगणारे कागदच उरले नाहीत, आणि पुढची सहा-सातशे वर्षं या लोकांबद्दल बोलले ते त्यांचे शत्रू आणि परके प्रवासी.

चरस आणि बाग

गुरू तरुणांना गुंगीचं औषध देई, स्वर्गासारख्या बागेत जागं करी, सुंदर स्त्रिया आणि मधाचे पाट दाखवी, मग पुन्हा गुंगी देऊन बाहेर आणी आणि सांगे की परत यायचं तर हा माणूस मार. ही कथा जगभर पोचवली मार्को पोलोने. पोलोचा जन्म १२५४ चा. अलामूत पडलं तेव्हा तो दोन वर्षांचा होता, आणि त्याचं वर्णन लिहून घेतलं गेलं ते १२९८ मध्ये, जिनोआच्या तुरुंगात. अलामूतचा माथा इतका चिंचोळा आहे की तिथे महाल आणि बागा मावणार नाहीत. आणि जुवैनीने गड आतून पाहिला होता. अशी बाग सापडती तर त्याने पानंच्या पानं भरली असती. तो एक शब्दही लिहीत नाही.

चरसचंही तसंच. निझारींना 'हशीशी' म्हटल्याचं पहिलं ज्ञात उदाहरण ११२३ सालचं आहे, आणि तेही कैरोच्या फातिमी दरबारातून निघालेल्या पत्रातलं, म्हणजे भाऊबंदांच्या वैरातलं. हलकट, टवाळ अशा अर्थाची ती शिवी होती. युरोपीयांनी ती शब्दशः घेतली. निझारींच्या विरोधात वाटेल ते लिहिणाऱ्या तत्कालीन मुस्लिम लेखकांनीसुद्धा फिदाईंना नशा दिली जाते असा आरोप केलेला नाही. आणि महिनोन्महिने वेश पालटून शत्रूच्या घरात राहायचं, संयमाने योग्य क्षणाची वाट पाहायची, हे काम नशेतल्या माणसाच्या हातून होणारं नाही. त्यांची निष्ठा श्रद्धेतून आली होती. बाहेरच्यांना ती पचवता आली नाही, म्हणून तिच्या जागी अंमली पदार्थ आणि बाग घालण्यात आली.

गिल्डचा साचा त्याहून अलीकडचा. १८१८ साली ऑस्ट्रियाच्या योसेफ फॉन हामर याने असॅसिनांचा इतिहास प्रसिद्ध केला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचा तो काळ. गुप्त मंडळं सिंहासनं उलथवतात या भीतीने युरोप ग्रासलेला. हामरने निझारींना त्याच चष्म्यातून पाहिलं, टेम्पलर आणि जेझुइट या ख्रिस्ती संघांशी त्यांची तुलना केली, आणि धर्माचा मुखवटा घातलेली, पायऱ्यापायऱ्यांनी दीक्षा देणारी खुनी संघटना असं चित्र रंगवलं. जुवैनीसारख्या शत्रूंचा शब्द त्याने पडताळून न पाहता घेतला. त्याचं पुस्तक इंग्रजी-फ्रेंचमध्ये गेलं आणि शंभरएक वर्षं प्रमाण मानलं गेलं. आज पडद्यावर दिसणारं गिल्ड मला त्याच्याच घराण्यातलं वाटतं.

मुंबईत लागलेला छडा

निझारी संपले, असा त्या पुस्तकांचा सूर होता. ते संपले नव्हते. इराणात त्यांची इमामपरंपरा शतकानुशतकं बहुतांशी लपूनछपून चालू राहिली. तिच्यातले हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, इराणच्या शाहाशी बिनसल्यावर १८४१ मध्ये अफगाणिस्तानमार्गे बाहेर पडले आणि पुढे मुंबईत स्थायिक झाले. खोजांपैकी एका गटाने त्यांचा अधिकार आणि त्यांना द्यायचा धार्मिक कर नाकारला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १८६६ साली न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकाल आगाखानांच्या बाजूने दिला, आणि त्या निकालपत्रात हसन-ए-सब्बाह आणि अलामूतपासूनचा इतिहास मांडला. अलामूतच्या गादीचा प्रश्न मुंबईतल्या दिवाणी दाव्यात सुटावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. पहिल्या आगाखानांची कबर माझगावच्या हसनाबादमध्ये आहे. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली पुण्यात महाल बांधला. गांधीजी आणि कस्तुरबांना जिथे स्थानबद्ध केलं होतं, तो आगाखान पॅलेस हाच.

खरा छडा लागला तो विसाव्या शतकात. रशियन अभ्यासक व्लादिमीर इवानोव्ह क्रांतीनंतर हिंदुस्थानात आला आणि १९३० च्या सुमारास मुंबईत स्थिरावला. खोजा, इराणी आणि बदख्शानी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या लपवून जपलेली हस्तलिखितं त्याने मिळवली. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैझी त्याच शहरात आपल्या बोहरा समाजातले फातिमी काळचे ग्रंथ संपादित करत होते. १९३३ मध्ये मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन झालं. १९४६ मध्ये इथेच इस्माइली सोसायटी निघाली आणि मूळ फारसी ग्रंथ एकामागून एक छापून बाहेर येऊ लागले. शत्रूंच्या बखरींवर विसंबण्याची गरज पहिल्यांदाच कमी झाली. या ग्रंथांत बागेचा पत्ता नाही, चरसचाही नाही. त्यांत इमाम म्हणजे काय, बुद्धीला गुरूची गरज का पडते, कुराणाच्या शब्दामागचा अर्थ कसा शोधावा, याची चर्चा आहे आणि पुष्कळशी भक्तिपर कविता आहे.